४१ व्या क्रमांकावरची नजरचूक

२६ जून २०१४ च्या रात्री ब्रुकलिनमध्ये एनबीएचा ड्राफ्ट चालू होता. दुसरी फेरी लागली होती. डेन्व्हर नगेट्सने ४१ व्या क्रमांकावर सर्बियातल्या एका एकोणीस वर्षांच्या पोराला घेतलं, तेव्हा अमेरिकेच्या टीव्हीवर टॅको बेलची जाहिरात चालू होती. त्याचं नाव जाहिरातीखालच्या पट्टीत येऊन गेलं. पोरगा स्वतः तिकडे झोपलेला होता. निकोला योकिच हे ते नाव. पुढे २०२१, २०२२ आणि २०२४ असा तीनदा तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि २०२३ मध्ये त्याने डेन्व्हरला त्यांचं पहिलं एनबीए विजेतेपद मिळवून दिलं. इतक्या मागच्या क्रमांकावरून येऊन सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळवणारा दुसरा कोणी नाही.

या गोष्टीतली जाहिरात सगळ्यांना आठवते. मला मात्र त्या रात्रीची दुसरीच नोंद महत्त्वाची वाटते. योकिचच्या पंचवीस पाळ्या आधी डेन्व्हरच्याच पदरात एक सेंटर पडला होता, बोस्नियाचा युसुफ नुर्किच, १६ वा. म्हणजे योकिचला ओळखलं म्हणून आपण ज्यांचं कौतुक करतो, त्यांनाही त्या रात्री तो पहिल्या पसंतीचा वाटला नव्हता. आणि तो काही कुठे दडलेला नव्हता. त्याच वर्षी एप्रिलमध्ये तो पोर्टलंडला नाइकी हूप समिटमध्ये खेळून गेला होता, जिथे लीगचे स्काउट, म्हणजे खेळाडू हेरणारे, झाडून हजर असतात. बघितलं सगळ्यांनी होतं. वाचलं चुकीचं.

ड्राफ्ट म्हणजे आपल्या ओळखीचा आयपीएलचा लिलाव नव्हे. इथे बोली लागत नाही, पाळी लागते. गेल्या हंगामात मार खाल्लेल्या संघांना आधी संधी, विजेत्यांना शेवटी. तीस संघ, दोन फेऱ्या, फार तर साठ नावं. १९८० च्या सुमारास दहा-दहा फेऱ्या चालत. १९८९ पासून दोनच उरल्या. पहिल्या फेरीतल्या मुलाला पक्का करार मिळतो, दुसऱ्या फेरीतल्याला त्याची हमी नसते, आणि ज्याचं नाव आलंच नाही तो उन्हाळी सामन्यांत जागा मागत फिरतो. तरीही २०२५ च्या विजेत्या ओक्लाहोमा सिटीचा संघ बघा. लुगेंट्झ डॉर्ट आणि अॅलेक्स करुसो यांना ड्राफ्टमध्ये कोणी घेतलंच नव्हतं, अॅरन विगिन्स ५५ वा, आयझाया हार्टेनश्टाइन ४३ वा. समोर अंतिम मालिकेत इंडियाना. त्यांचा अँड्र्यू नेम्बहार्ड ३१ वा आणि टी. जे. मॅकॉनेल ड्राफ्टबाहेरचा. ही माणसं सगळ्यांच्या डोळ्यांसमोरून कशी सुटली, हा प्रश्न त्यामुळे छंदाचा उरत नाही. विजेतेपद त्याच्यावर ठरतं.

एके काळी खेळाडू खरोखरच दिसत नसत. स्कॉटी पिपेन हॅम्बर्ग या आर्कान्सातल्या लहानशा गावचा. सेंट्रल आर्कान्सा कॉलेजात तो गेला तेव्हा उंची सहा फुटांच्या थोडी वर, आणि सुरुवातीला काम संघाचं सामानसुमान सांभाळण्याचं. तिथे त्याची उंची सहा फूट सात-आठ इंचांपर्यंत वाढली. ते कॉलेज इतक्या खालच्या पातळीवर खेळत होतं की टीव्ही सोडाच, चांगलं चित्रीकरणही मिळणं कठीण. लीगसाठी स्काउटिंग करणारे मार्टी ब्लेक देशभर अशा लहान कॉलेजांच्या जिमखान्यांत हिंडत. पिपेनचं नाव त्यांनी संघांच्या कानावर घातलं. मग १९८७ मध्ये व्हर्जिनियातल्या पोर्ट्समथच्या निमंत्रितांच्या स्पर्धेत तो सगळ्यांसमोर खेळला आणि दोन-तीन महिन्यांत अनामिकाचा पाचव्या क्रमांकाचा खेळाडू झाला. ब्लेकसारख्यांचं काम मला फार मोठं वाटतं. पण ते युग संपलं. आज ग्रीसच्या दुसऱ्या दर्जाच्या लीगमधला सामनासुद्धा डेन्व्हरच्या कचेरीत बसून बघता येतो. यानिस अँटेटोकुम्पो त्याच ग्रीक लीगमधून २०१३ मध्ये १५ व्या क्रमांकावर आला. माझं म्हणणं एवढंच आहे, की आज कमी परिचित खेळाडू शोधणं म्हणजे लपलेला शोधणं नाही. चुकीच्या खान्यात टाकलेला बाहेर काढणं आहे. आणि प्रत्येक जागेवर ही चूक वेगळ्या कारणाने होते.

पॉइंट गार्डच्या बाबतीत चूक होते ती टेपने मोजताना. जेलन ब्रन्सन हे याचं सर्वांत बोलकं उदाहरण. व्हिलानोव्हाकडून त्याने २०१६ आणि २०१८ अशी दोन राष्ट्रीय विजेतेपदं जिंकली, २०१८ मध्ये देशातला सर्वोत्तम कॉलेज खेळाडू ठरला. त्याच वर्षीच्या ड्राफ्टमध्ये त्याच्याच संघातले तिघे त्याच्या आधी गेले: मिकाल ब्रिजेस १० वा, डॉन्टे डिव्हिन्चेन्झो १७ वा, ओमारी स्पेलमन ३० वा. ज्याच्या हाती चेंडू होता, जो या तिघांना जागच्या जागी पास देत होता, तो ३३ वा. कारण? उंची सहा फूट दोन इंच, उडी बेताची, वेग बेताचा आणि वय एकवीसच्या पुढे. आज न्यूयॉर्क निक्सची सगळी मदार त्याच्यावर आहे.

ब्रन्सन खेळताना त्याच्या पायांकडे बघा. तो बचाव करणाऱ्याला मागे टाकत नाही, त्याला पाठीवर घेऊन चालतो. खांदा लावतो, थांबतो, दोन्ही पाय टेकवतो, एका पायावर गिरकी घेतो. समोरचा हवेत उडून गेलेला असतो आणि हा अजून जमिनीवर. हे कौशल्य कुठल्याच चाचणीत मोजलं जात नाही. शिकागोच्या कम्बाइनमध्ये, म्हणजे ड्राफ्टआधीच्या चाचणी शिबिरात, उडी मोजतात, धाव मोजतात, हातांचा पसारा मोजतात; थांबण्याची कला मोजायला यंत्र नाही. पॉइंट गार्ड बघताना मी म्हणूनच तीन गोष्टी आधी विचारतो. दबावाखाली चेंडू किती वेळा गमावतो? आडवा पडदा लावून सहकारी पुढे सरकला की दुसरा बचावपटू अंगावर येतो, त्या क्षणी हा घाबरतो का? आणि त्याच्याबरोबर खेळणाऱ्यांना सोप्या फेकी मिळतात का? फ्रेड व्हॅनव्हलीटची विचिटा स्टेटमधली चार वर्षं या तिन्ही प्रश्नांचं उत्तर देत होती. २०१६ मध्ये साठ नावांत तो नव्हता. २०१९ मध्ये टोरोंटोने विजेतेपद जिंकलं त्या सहाव्या सामन्यात त्याचे २२ गुण होते.

उंचीचा आक्षेप पोकळ आहे, असं मात्र मी म्हणणार नाही. आयझाया थॉमस २०११ मध्ये अगदी शेवटचा, ६० वा घेतला गेला. पाच फूट नऊ इंच. बोस्टनकडून २०१६-१७ च्या हंगामात त्याने सामन्यामागे २८.९ गुण केले, आणि ते बघणं हा निखळ आनंद होता. पण बचावात प्रत्येक प्रतिस्पर्धी त्यालाच गाठायचा, आणि कंबरेच्या सांध्याला दुखापत झाल्यावर ती चपळाई परत आली नाही. बुटक्या गार्डाला चुकीला जागा नसते. ब्रन्सन आणि व्हॅनव्हलीट टिकले ते अंगाने दणकट होते म्हणूनही. उंची कमी असेल तर रुंदी बघा, हे मी अनुभवाने शिकलो.

इथे जेरेमी लिनचंही नाव घ्यायला हवं. हार्वर्डचा, आशियाई वंशाचा गार्ड. ह्यूस्टनचे व्यवस्थापक डॅरिल मोरी यांच्या आकड्यांच्या गणिताने २०१० मध्ये त्याला पंधराव्याच्या आसपास ठेवलं होतं, हे मायकल लुईस यांनी आपल्या ‘द अनडूइंग प्रोजेक्ट’ या पुस्तकात सांगितलं आहे. डोळ्यांना ते पटलं नाही. ह्यूस्टनने घेतलं नाही, कोणीच घेतलं नाही. पुढे ह्यूस्टनने त्याला सरावाला बोलावून सोडूनही दिलं. दोनच महिन्यांत, फेब्रुवारी २०१२ मध्ये, निक्सकडून खेळणाऱ्या लिनच्या नावाने न्यूयॉर्क वेडं झालं. डोळ्यांना पॉइंट गार्डचा जो चेहरा सवयीचा होता, त्यात हा चेहरा बसत नव्हता. हे कडू आहे, पण स्काउटिंगच्या आढाव्यात ते टाळता येणार नाही.

शूटिंग गार्डबद्दल थोडक्यात. इथे फसवतो तो कॉलेजातला तीन गुणांच्या फेकींचा टक्का. एका हंगामातल्या शे-दीडशे फेकी म्हणजे फार लहान नमुना. फ्री थ्रोचा टक्का हात कसा आहे ते जास्त खरं सांगतो. ख्रिस मिडलटन टेक्सस ए अँड एममध्ये शेवटच्या वर्षी गुडघ्याच्या दुखण्यात अडकला, फेकी बिघडल्या आणि २०१२ मध्ये ३९ वा गेला. २०२१ च्या विजेत्या मिलवॉकीत तो यानिसचा उजवा हात होता. मानु जिनोबिली १९९९ मध्ये ५७ वा. त्याला सॅन अँटोनियोने तीन वर्षं युरोपात पिकू दिलं आणि नंतर चार विजेतेपदं घेतली. ऑस्टिन रीव्हजला २०२१ मध्ये कोणी निवडलं नाही आणि तो लेकर्सकडे गेला. पन्नाशीच्या घरात नाव लागण्यापेक्षा कधीकधी न लागलेलं बरं, कारण मग आपला संघ आपण निवडता येतो.

बाजूच्या खेळाडूंवर, म्हणजे विंगवर, लीगचा खरा आंधळेपणा दिसतो. आक्रमणाचे आकडे सगळे वाचतात. बचावाला भाव कोणी देत नाही. अलाबामाचा हर्बर्ट जोन्स २०२१ मध्ये आपल्या कॉन्फरन्सचा, म्हणजे कॉलेजांच्या गटाचा, सर्वोत्तम खेळाडूही होता आणि सर्वोत्तम बचावपटूही. क्रमांक ३५ वा. तीन वर्षांत तो लीग दरवर्षी निवडते त्या सर्वोत्तम बचावपटूंच्या पहिल्या संघात. डेटनचा तुमानी कमारा २०२३ मध्ये ५२ वा. दोन वर्षांत दुसऱ्या बचाव संघात. आणि डॉर्ट, ज्याचं २०१९ मध्ये नावच आलं नाही, तो २०२५ मध्ये पहिल्या बचाव संघात आणि त्याच हंगामात त्याच्या तीन गुणांच्या फेकी चाळीस टक्क्यांच्या वर. तिघांच्याही बाबतीत शंका होती ती फेकीबद्दल. फेक शिकता येते. रात्री जिममध्ये एकट्याने उभं राहून हजारो वेळा तेच करत ती शिकता येते. पण समोरच्याचा खांदा कुठे वळतोय हे त्याच्या आधी कळणं, थकलेलं असताना आडव्या पडद्याला भिडून पुढे जाणं, हे वीस वर्षांच्या मुलात नसेल तर पंचविसाव्या वर्षी येईल अशी आशा करू नये. दुसऱ्या फेरीत मला एकच पाळी मिळाली तर मी डोळे मिटून बचाव करणारा विंग घेईन. साठ नावांमधला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत टिकाऊ माल तोच.

पॉवर फॉरवर्डसाठी स्काउटांच्या बोलीत एक शब्द वर्षानुवर्षं शिवीसारखा वापरला गेला: ‘ट्वीनर’, अधलामधला. मोठ्यांत लहान, लहानांत मोठा. ड्रेमंड ग्रीन मिशिगन स्टेटमध्ये चार वर्षं खेळला. उंची सहा फूट सहा इंच, पण दोन्ही हात पसरले की सात फूट एक इंच. पास देतो, रिबाउंड घेतो, सगळ्यांना जागा सांगत ओरडतो. कोणत्या जागेवर खेळेल, या प्रश्नाचं उत्तर सापडेना म्हणून तो २०१२ मध्ये ३५ वा. गोल्डन स्टेटनेही त्या रात्री त्याच्या आधी दोघांना घेतलं होतं. २०१५ च्या अंतिम मालिकेत संघ १-२ असा मागे असताना चौथ्या सामन्यात मुख्य सेंटरला बसवून ग्रीनला मध्ये उभं केलं आणि मालिका ४-२ अशी फिरली. त्यानंतर लीगभर सगळ्यांनाच अधलेमधले हवे झाले. जो प्रश्न त्याच्याविरुद्ध विचारला गेला, तेच त्याचं बलस्थान होतं.

त्याच्या आधीचा पॉल मिल्सॅप ४७ वा होता, २००६ मध्ये. लुइझियाना टेकमध्ये सलग तीन वर्षं देशात सर्वाधिक रिबाउंड त्याचे. लहान कॉलेजातले आकडे म्हणून दुर्लक्ष झालं. पण रिबाउंड घेणारा कुठल्याही पातळीवर रिबाउंड घेतो. सगळ्या आकड्यांत इतका इमानदार आकडा दुसरा नाही. डेनिस रॉडमनने हे १९८६ मध्येच सिद्ध केलं होतं, २७ व्या क्रमांकावरून, वयाच्या पंचविशीत.

सेंटरकडे आलो की शरीराची भूल सर्वांत मोठी. योकिचचं अंग सैल होतं, उडी नावापुरती. दिवसाला तीन लिटर कोक पिण्याची आपली सवय त्याने पुढे स्वतःच सांगितली. पण बेलग्रेडच्या मेगा क्लबमध्ये खेळताना तो पाठीमागे न बघता कोपऱ्यातल्या माणसाला पास देत होता. ड्राफ्टनंतर तो वर्षभर तिकडेच राहिला आणि त्या हंगामात एड्रियाटिक लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. मार्क गसोलची कथाही अशीच. लुईस यांच्या त्याच पुस्तकात आहे: ह्यूस्टनच्या गणिताला २००७ मध्ये गसोल आवडला होता, स्काउटांना त्याचा उघड्या अंगाचा फोटो सापडला, त्यांनी त्याच्या छातीवरून टोपणनाव ठेवलं आणि त्या हसण्यात गणित वाहून गेलं. तो ४८ वा गेला. २०१३ मध्ये तो लीगचा सर्वोत्तम बचावपटू झाला. मोरी यांनी पुढे आपल्या कचेरीत टोपणनावांवर बंदी घातली. स्काउटिंगच्या इतिहासातला याहून शहाणा नियम मला माहीत नाही.

याच्या उलट टोकाची चूक म्हणजे निव्वळ उंची विकत घेणं, आणि तिथे आपला संबंध येतो. पंजाबातल्या बर्नाला जिल्ह्यातल्या बल्लो के गावचा सतनामसिंग, सात फूट दोन इंच, चौदाव्या वर्षी शिष्यवृत्तीवर फ्लोरिडाला गेला. २०१५ मध्ये डॅलसने त्याला ५२ वा घेतला. भारतात जन्मून ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला तो पहिला खेळाडू. त्याच वर्षी एप्रिलमध्ये मुंबईत जन्मलेल्या विवेक रणदिवे यांच्या सॅक्रामेंटो किंग्जकडून पंजाबी वंशाचा कॅनेडियन सिम भुल्लर, सात फूट पाच इंच, तीन सामन्यांत मोजकी मिनिटं खेळला. सतनाम एनबीएचा एकही सामना खेळू शकला नाही. दोघांनी कष्ट कमी केले असं कोणी म्हणू नये. सतनामचं नाव वाचलं गेलं त्याच महिन्यात गोल्डन स्टेट सेंटरला बाकावर बसवून विजेतेपद घेत होतं. ज्या जागेसाठी तो घडवला गेला, ती जागाच मैदानावरून पुसली जात होती. आपल्याकडे आजही शाळेत उंच मुलगा दिसला की त्याला बास्केटखाली उभं करतात आणि चेंडू हाती देत नाहीत. त्याला पास द्यायला शिकवा, तीन गुणांच्या रेषेबाहेर उभं राहून फेकायला शिकवा. आजचा सेंटर तिथे घडतो.

या सगळ्या यशोगाथांना एक कडक दुरुस्ती जोडायला हवी. ४१ व्या क्रमांकाला योकिच सापडला हे आपण सांगतो. २०१२ चा ४१ वा टायशॉन टेलर होता आणि २०१३ चा जमाल फ्रँकलिन. दोघेही लीगमध्ये फार टिकले नाहीत. दुसऱ्या फेरीतल्या बहुतेकांचं हेच होतं. त्यामुळे कोणी ‘पुढचा योकिच’ दाखवू लागला की मी सावध होतो. पुढचा योकिच कोणालाच दाखवता येत नाही. दाखवता येते ती एवढीच गोष्ट, की या मुलाची एक कला आजच एनबीएच्या पातळीची आहे आणि त्याचा जो दोष लिहिला आहे तो दुरुस्त होणारा आहे. दोन्ही अटी पुऱ्या झाल्या तर चाळिसाव्या क्रमांकावर पैज लावावी. एकच झाली तर लावू नये.

बाजारही बदलतो आहे. २०२१ पासून कॉलेज खेळाडूंना आपल्या नावावर पैसे कमावण्याची मुभा मिळाली. त्या वर्षी मुदतीआधीच ड्राफ्टला नाव देणारे साडेतीनशेच्या वर होते; २०२५ मध्ये ते शंभरावर येऊन ठेपले. म्हणजे दुसऱ्या फेरीत आता बावीस-तेवीस वर्षांची, दोन-तीन कॉलेजं बदललेली मुलं जास्त दिसणार. त्यांचं वय हा दोष मानणारे संघ पुन्हा चुकतील. माल्कम ब्रॉग्डन व्हर्जिनियात पाच वर्षं काढून २०१६ मध्ये ३६ वा आला आणि त्या हंगामातला सर्वोत्तम नवोदित ठरला. नेम्बहार्ड फ्लोरिडातून गोन्झागाला गेला, चार वर्षं खेळला आणि २०२५ च्या अंतिम मालिकेत लीगच्या सर्वोत्तम खेळाडूला अडवायला उभा होता. तीन प्रशिक्षकांच्या हाताखाली तीन वेगळ्या भूमिका केलेला मुलगा म्हणजे तीन वेळा तपासून झालेला पुरावा. एकाच वर्षात चमकलेल्या एकोणीस वर्षांच्या पोराबद्दल इतकं काही हाती नसतं.

येत्या जूनमध्ये पहिली तीस नावं झाली की टीव्ही बंद करू नका. एकतिसाव्यापासून बघायला बसा. आणि नाव वाचलं गेलं की त्याची उंची शोधण्याआधी त्याने कॉलेजात कोणाला अडवलं, ते शोधा.